जाऊबाईंचे कोरडे हात

आमच्या जाऊबाईंच्या केसांना तेल मी लावायचे. आता कुणी म्हणेल, त्यात काय सांगण्यासारखं? तर ऐका. बाई चांगल्या धडधाकट. झाडलोट करतील, धुण्याचा ढीग उपसतील, पण तेलाच्या बाटलीला बोट लावायच्या नाहीत. तेलकट भांडं दिसलं की "तेवढं तू बघ गं" म्हणून बाजूला. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, काय एकेक नखरे! मी त्यांना तोंडावर राणीसाहेब म्हणायचे. माझ्या नाकावर राग आणि जिभेला हाड नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्या नुसत्या हसायच्या. मग मीही त्यांच्याच कारखान्यात लागले आणि पहिल्याच दिवशी दारावरची पाटी वाचली: हाताला तेल, क्रीम, मलम काहीही लावून आत येऊ नये. त्या दिवसापासून राणीसाहेब म्हणणं बंद केलं आणि केसांना तेल लावायचं काम मुकाट्याने माझ्याकडे घेतलं.

कारखाना लहानसा, रबरी रिंगांचा. जमिनीत खोल भोक पाडणाऱ्या यंत्राच्या टोकाला लोखंडी बिट असतं. त्याला दातांचे तीन शंकू. ते दगडावर गरगर फिरतात आणि दगड फोडत खाली जातात. शंकूच्या आत ग्रीस असतं. ते आतच राहावं आणि बाहेरची रेती आत शिरू नये म्हणून मध्ये आमची रिंग बसवतात, बांगडीएवढी, काळी. आमचं गिऱ्हाईक जमिनीतल्या वाफेसाठी भोकं पाडतं. तिथे खाली दगड इतका तापलेला असतो की साधं रबर कडक होऊन तडकून जातं. म्हणून आमचं रबर वेगळं, महागडं आणि भारी नाजूक स्वभावाचं. रिंग फाटली की ग्रीस बाहेर, रेती आत, शंकू जाम, नाहीतर सरळ निखळून भोकात. मग तो वर काढणं म्हणजे आडात पडलेली सुई चिमट्याने शोधण्यातलाच प्रकार.

रबर मळायचं काम आमच्या ह्यांचं. दोन जाडजूड रोल उलटसुलट फिरतात, त्यांच्यामध्ये रबर आणि पावडरी घालून मळत राहायचं. त्याची दोरी काढून ती जायची प्रेसवर, जाऊबाईंकडे. त्या दोरीचा तुकडा तिरका कापायच्या, गरम साच्याच्या गोल खाचेत बसवायच्या आणि दोन्ही टोकं बोटाने एकावर एक दाबायच्या. हा सांधा. प्रेस मिटला की आत रबर शिजतं आणि सांधा कुठे होता ते शोधूनही सापडत नाही. हातमोजे घालून बघितले होते लोकांनी. गरम रबराला मोजा चिकटतो, आणि टोकावर टोक बसलं की नाही ते बोटाला कळत नाही. म्हणून उघडी बोटं. शिजलेल्या रिंगा शेवटी माझ्या टेबलावर यायच्या. कडेचं जादा रबर मी कापायचे, ताणून बघायचे आणि डब्यात भरायचे.

थोरले दीर तरुणपणीच गेले. पदरात एक मुलगा. जाऊबाई या कारखान्यात झाडू मारायला म्हणून आल्या आणि बघता बघता प्रेस शिकल्या. आमचे हे तेव्हा नुसते उनाडक्या करत हिंडायचे. यांना ओढत मालकांसमोर उभं केलं ते जाऊबाईंनी. "माझा दीर आहे, याचं काही चुकलं तर मला विचारा," एवढंच म्हणाल्या आणि यांची रोलवर सोय झाली. आमचा संसार उभा राहिला तो त्या एका वाक्यावर. हे मी माझ्या तोंडाने कबूल करते, आणि मी सहसा कुणाचं काही कबूल करत नाही.

पण हात! काय सांगू त्या हातांची दशा. दिवसभर गरम साचा, खडूसारखी पावडर, वर दहा वेळा साबण. बोटांची टोकं पार खरखरीत झालेली, थंडीत भेगांतून रक्त यायचं. त्या चिंधी गुंडाळून झोपायच्या आणि सकाळी चिंधी काढून कामाला. तक्रार म्हणून नाही.

मग त्यांना नात झाली. मुलगा लांबच्या गावी नोकरीला, म्हणून सूनबाई आणि बाळ आमच्याकडेच होती. जाऊबाईंनी पहिल्यांदा त्या चिमणीला मांडीवर घेऊन गालावरून बोट फिरवलं, आणि पोरीने असा टाहो फोडला की शेजारची माणसं दारात आली. गालावर लाल रेघ उमटली होती. नंतर जेव्हा जेव्हा घेतली तेव्हा तेच. सूनबाई बोलायची काही नाही, पण हळूच बाळ उचलून घ्यायची. जाऊबाई मग हात मांडीवर ठेवून लांबूनच बघत बसायच्या. मला भरून यायचं, आणि भरून आलं की मला राग येतो, म्हणून मी सूनबाईवरच डाफरायचे. पुढे हळूहळू बाळ त्यांच्याकडे राहायला लागलं. मला वाटलं, सवय झाली असेल.

अशात ती तक्रार आली.

भोकं पाडायच्या साईटवरून रिंगा परत आल्या, सगळ्या सांध्यावर उकललेल्या. एका बिटचा तर शंकूच भोकात राहिला होता आणि पाईप ओढून काढताना तिथल्या एका कामगाराचा खांदा निखळला होता. मालक त्या रिंगा हातात घेऊन थेट रोलकडे आले आणि सगळ्यांसमोर ह्यांना म्हणाले, "स्प्रे मारलास ना रोलवर?"

रबर रोलला चिकटायला लागलं की सोडवायला एक स्प्रे मिळतो. काम झटपट होतं, पण तो रबरात गेला की सांध्याचं वाटोळं. आमच्याकडे तो आणायलाच बंदी. आणि आमच्या शहाण्यांनी एकदा, कधीकाळी, मालकांना विचारलं होतं, तो स्प्रे का नाही वापरायचा म्हणून. झालं. तेवढंच मालकांच्या डोक्यात बसलेलं.

"नाही मारला," हे म्हणाले.

"मग काय रबर आपोआप बिघडलं?"

"मला माहीत नाही. पण मी नाही मारला."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी कात्री टेबलावर आपटून उठले. जाऊबाईंनी लांबूनच हाताने खूण केली, बस म्हणून. मी बसले. मालकांनी ह्यांना रोलवरून काढून आवारातल्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, उद्या साईटचा माणूस येतोय, त्याच्यासमोर काय ते होईल आणि मग घरचा रस्ता धर. एवढ्या वर्षांच्या नोकरीवर पाणी. आणि वर नाव खराब झालं की दुसऱ्या कुठल्या कारखान्यात उभंसुद्धा करत नाहीत.

त्या संध्याकाळी घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. मी मात्र बोलत होते, माझं तोंड कधी बंद असतं! मालकांचा उद्धार केला, साईटवाल्यांचा केला. ह्यांना म्हटलं, "तुम्हीसुद्धा कसले हो, दोन शब्द नीट बोलता येत नाहीत?" हे भिंतीकडे बघत बसले होते. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, नको बोलूस त्याला. तो खोटं बोलत नाही, मला माहीत आहे." बाळ त्यांच्या मांडीवर होतं आणि मजेत त्यांचं बोट चोखत होतं.

दुसऱ्या दिवशी नवं रबर मळलं, रोलवर दुसरा माणूस उभा करून. बदली रिंगा ताबडतोब हव्या होत्या. एवढ्या घाईचं आणि जोखमीचं काम कुणाच्या हाती द्यायचं? अर्थातच जाऊबाईंच्या. पहिला डबा सकाळीच गाडीने साईटवर रवाना झाला. साईटचा माणूस मालकांच्या केबिनमध्ये हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता, पुढचे डबे बरोबर न्यायला. हे दाराशी उभे.

तो डबा गेल्यावर लॅबच्या मॅडमनी एक नवी तपासणी सुरू केली. बाई हुशार आणि सरळ. त्या म्हणाल्या होत्या, "रिंग थंड असताना सांधा धरून राहतो, म्हणून तुम्हाला टेबलावर कळत नाही. तापल्यावर उकलतो." म्हणून आता अधूनमधून एखादी रिंग लॅबमधल्या उकळत्या तेलात ठेवायची आणि काढून मग मी वाकवून बघायची. नव्या रबराची पहिली रिंग तेलातून निघून माझ्यासमोर आली. मी चिमट्याने धरून वाकवली.

सांधा उकलला. शेंगेसारखा, अलगद.

मला आधी काय झालं असेल, तर आनंद! अहो, रबर नवं, रोलवर माणूस दुसरा, आणि तरीही सांधा सुटला. म्हणजे आमच्या माणसाचा काही संबंध नाही! मी रिंग घेऊन केबिनकडे धावतच निघाले होते. ओरडून सांगणार होते सगळ्यांना. वाटेत प्रेस लागतो. जाऊबाई साच्यावर वाकून टोकावर टोक बसवत होत्या. आणि मी तिथेच थबकले. कारण रबर बदललं, माणूस बदलला. बदलले नव्हते ते फक्त हे हात.

मी त्यांचा हात धरला. मऊ होता. इतक्या वर्षांत तो हात मला कधी मऊ लागला नव्हता. नाकाजवळ नेला, तर आमच्या चिमणीच्या अंगाचा वास.



"ताई," मी म्हटलं, "बाळाचं मलम लावता तुम्ही हाताला?"

"रात्री लावते गं थोडं. सूनबाईने दिलं." त्या साच्याकडेच बघत होत्या. "पण सकाळी साबणाने दोनदा धुऊन येते. बघ, तेलकट लागतात का? नाही ना?" मग त्यांची नजर माझ्या हातातल्या रिंगेवर गेली. उकललेला सांधा त्यांनी बघितला. चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं. "हे नवं रबर?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"रडायची गं ती माझ्या हाताला," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी रडायची."

आता माझं काय झालं ते सांगते, लपवत नाही. एका मिनिटात माझ्या मनात दोन्ही येऊन गेलं. नवऱ्याला वाचवायचं तर हिला बुडवायचं. हिला वाचवायचं तर रिंग खिशात घालायची आणि गप्प बसायचं. जगाला फाडफाड बोलणारी मी, माझी दातखीळच बसली. जाऊबाईंनी माझी वाट बघितली नाही. प्रेस बंद केला, पदर खोचला, माझ्या हातातून रिंग घेतली आणि सरळ केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग.

"मालक, सांधा माझ्या हातांनी सुटतोय," त्या म्हणाल्या. "मी नातीचं मलम लावत होते. सकाळच्या डब्यातल्या रिंगाही तशाच आहेत. तो डबा थांबवा."

 तर मालकांनी काय म्हणावं? "बाई, तुमचा जीव कळतो मला. पण दिराला वाचवायला असं काहीबाही बोलू नका. तुम्ही हाताला काही लावणार? तुम्ही? सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ."

"अहो, खरं सांगतेय मी!"

"आणि ही रिंग? नवऱ्याच्या पायी बायकोने तेलात जास्त वेळ ठेवली नसेल कशावरून?" मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. साईटच्या माणसाने हेल्मेट मांडीवरून उचलून पोटाशी धरलं.

हे दारातून पुढे आले. "वहिनी, तुम्ही गप्प राहा," हे म्हणाले. "जाईन मी घरी. होऊ दे जे व्हायचं ते."

"तू मध्ये बोलू नकोस," जाऊबाई म्हणाल्या. "तुझं काही चुकलं तर मला विचारा म्हणाले होते मी. आता माझं चुकलंय, तर तुला कशाला विचारतायत?" मग मालकांशेजारी बसलेल्या मॅडमकडे वळल्या. "मॅडम, आत्ताच्या आत्ता करून बघा. एकच रबर घ्या, ह्याने मळलेलं. एक रिंग मी लावते, एक हा लावेल. ह्याचे हात कोरडे आहेत, मी जाणते. तेलात तुम्ही तुमच्या हाताने घाला."

मॅडम उठल्या. "दहा मिनिटांचं काम आहे," त्या मालकांना म्हणाल्या. "करून बघायला काय हरकत आहे?"

सगळी वरात प्रेसकडे. ह्यांच्या जुन्या रबराचे दोन तुकडे मॅडमनी कापले. आमच्या ह्यांनी जन्मात साच्यात दोरी बसवली नव्हती. बोटं ही एवढाली जाड, चटका बसला, "आई गं" म्हणाले, दोरी वाकडी, टोकं एकमेकांवर चढलेली. दुसरा कुठला दिवस असता तर मी हसून लोळले असते. शेजारच्या खाचेत जाऊबाईंनी दोरी बसवली. नेहमीसारखी, एका फेऱ्यात, टोकावर टोक अशी की नजर ठरू नये. अंगठ्याने सांधा दाबला आणि अंगठा जरा जास्तच वेळ तिथे ठेवला. प्रेस मिटला.

 साईटच्या माणसाचा फोन वाजला. त्याने ऐकून घेतलं आणि आम्हाला सांगितलं, "सकाळचा डबा पोचला. रिंगा बसवल्या. बिट पाईपला लावतायत." मालकांनी रुमालाने मान पुसली. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या डोळे मिटून पुटपुटत होत्या. मी जवळ सरकले तेव्हा ऐकू आलं. "सुटू दे," त्या म्हणत होत्या. "सुटू दे रे देवा." उभ्या आयुष्यात या बाईने एक रिंग वाईट जाऊ दिली नव्हती. एखाद्या रिंगेला बुडबुडा आला तर दिवसभर हळहळायच्या. आणि आज स्वतःची रिंग फाटावी म्हणून देवाला साकडं. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि मी ती पुसलीही नाही.

प्रेस उघडला. मॅडमनी दोन्ही रिंगा काढून तेलात सोडल्या, वेळ भरल्यावर चिमट्याने वर काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. एक वेडीवाकडी, सांध्याजवळ टेंगूळ आलेली. दुसरी गोल, गुळगुळीत, सुंदर. मॅडमनी आधी वेडीवाकडी उचलली. वाकवली. ताणली. मग चिमटा टाकून, कापडात धरून दोन्ही हातांनी ओढली. सांधा हलला नाही.

मग दुसरी. नुसती वाकवली तर उकलली.

"सुटला," जाऊबाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या, तिथेच, जमिनीवर.

मालकांनी साईटच्या माणसाच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि साईटवर लावला. "थांबवा! खाली सोडू नका, थांबवा!" एवढा मोठा आवाज मालकांचा मी कधी ऐकला नव्हता. पलीकडून काय बोलत होते ते कळत नव्हतं. मालक ऐकत होते, आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मग ते भिंतीला टेकले. "भोकाच्या तोंडाशी होतं," ते म्हणाले. "थांबवलं."

मॅडमनी मलमाचा डबा घरून मागवून बघितला. म्हणाल्या, त्यात सिलिकॉन आहे, त्या बंदीच्या स्प्रेत असतं तेच. पाण्याने निघत नाही म्हणूनच तर ते बाळाला लावतात, ओल्या दुपट्याने अंग सोलू नये म्हणून. साबणाने कितीही धुतलं तरी हातावर पापुद्रा राहतोच. नात जन्मल्यापासूनच्या झाडून सगळ्या रिंगा परत मागवल्या. मालक आमच्या ह्यांच्यासमोर येऊन उभे राहिले, घसा खाकरला, आणि "उद्या वेळेवर ये" म्हणाले. माफी मागायची त्यांची तीच पद्धत. मी तोंड उघडणार होते, तर ह्यांनी माझा पाय दाबला.

जाऊबाईंना काढून टाकलं नाही. मालक म्हणाले, "बाई, ते मलम सोडा. हात पहिल्यासारखे झाले की प्रेस तुमचाच." जाऊबाईंनी हाताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नको मालक. मी डबे भरीन. हात कोरडे करायला आयुष्य गेलं माझं, आता पुन्हा नाही." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला शिकवते. हिचं तोंड खराब आहे, पण बोटं चांगली आहेत."

झालं की आता वर्ष. प्रेसवर मी असते. सांधा माझा चांगला धरतो. जाऊबाईंएवढा नाही, पण धरतो. घरी तेलाच्या बाटलीला मी बोट लावत नाही. तेलकट भांडी त्या घासतात आणि मला राणीसाहेब म्हणतात, अगदी वसूल करून घेतात. संध्याकाळी त्या मला पुढ्यात बसवतात आणि माझ्या केसांना तेल लावतात, तशी चिमणी दुडदुडत येते. परवा मी तिला ओढून मांडीवर घेतली आणि गालावरून बोट फिरवलं.

तिने टाहो फोडला. जाऊबाईंनी मागून तिला उचलून घेतलं आणि तेलाच्या हाताने थोपटत राहिल्या. ती गप्प झाली. मी माझे हात मांडीवर ठेवून बघत बसले.